गर्भस्थ मेंदूचे दर्शन

बंगळूरचे नाव घेतले की मराठी माणसाला शहाजीराजांची जहागीर आठवते. सतराव्या शतकात ज्या नगरात मराठी सरदारांचा वावर होता, ते नगर विसाव्या शतकात विज्ञानाचे माहेरघर बनले. आजच्या विषयाचा प्रारंभ मी याच नगरापासून करणार आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

१९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन या शास्त्रज्ञाने एक दिसायला साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या नळीतून त्यांनी द्रव वाहू दिला, त्यावर रेडिओलहरी सोडल्या आणि द्रवातील अणुगर्भ त्या लहरींना कसा प्रतिसाद देतात याचे मापन केले. द्रव स्थिर असताना मिळणारा प्रतिसाद आणि तो वाहू लागल्यावर मिळणारा प्रतिसाद यांत फरक असतो, असे त्यांना आढळले. वाहत्या द्रवातील चुंबकीय अनुनादाच्या अगदी आरंभीच्या निरीक्षणांत या प्रयोगाची गणना होते. शरीरातील रक्ताचा प्रवाह चुंबकाच्या साहाय्याने पाहण्याची जी विद्या पुढे उदयास आली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

याच बंगळूरात १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ साली तिचे आजच्या ‘निम्हान्स’ या विख्यात संस्थेत रूपांतर झाले. तेथे मेंदूंचे एक संग्रहालय आहे. काचेच्या पात्रांत जतन केलेले मानवी मेंदू तेथे ओळीने मांडलेले आहेत. मेंदूविषयीचे आपले बहुतेक ज्ञान शतकानुशतके अशाच मृत मेंदूंकडून मिळत आले. गर्भातील मेंदूच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नव्हता. जे मूल जन्माला येऊ शकले नाही, त्याच्याकडूनच जन्माला येणाऱ्या मुलाविषयी शिकावे लागे.

श्रोतेहो, आता ही स्थिती पालटली आहे. आईच्या उदरात सुखरूप असलेल्या बालकाचा जिवंत, वाढता मेंदू आज पाहता येतो. एम.आर.आय. या तीन अक्षरांनी आपणा सर्वांना परिचित असलेल्या तपासणीने हे साधले आहे. हे दर्शन कसे घडते, त्याने काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच आज मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

प्रथम या यंत्राचे तत्त्व पाहू. आपल्या शरीराचा फार मोठा भाग पाण्याचा आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि अशा प्रत्येक अणूचा गर्भ म्हणजे एक प्रोटॉन. हा प्रोटॉन म्हणजे एक चिमुकला भोवराच समजा, आणि हा भोवरा स्वतः चुंबकासारखा वागतो. एरवी असे असंख्य भोवरे वाटेल त्या दिशांना कललेले असतात. परंतु माणसाला बलवान चुंबकाच्या पोकळीत निजवले की त्यांतील थोडे अधिक भोवरे चुंबकाच्या दिशेला वळतात आणि एका ठरावीक लयीत डोलू लागतात. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्राचे चुंबकत्व दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. अशा यंत्रात प्रोटॉनांची लय सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष आवर्तने इतकी असते.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला आपण झोका देतो तेव्हा कसे करतो? झोपाळ्याच्या लयीशी आपल्या हाताची लय जुळली की हलक्याशा धक्क्यानेही झोका उंच जातो. लय चुकली तर सारे बळ वाया जाते. लय जुळल्याने घडणारा हा परिणाम म्हणजेच अनुनाद. यंत्रातून नेमक्या त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडल्या की प्रोटॉन त्यांतील ऊर्जा घेतात, आणि लहरी थांबल्या की ती परत देऊ लागतात. हा परतीचा संदेश टिपून संगणक चित्र तयार करतो. आपल्या रेडिओवरील एफ.एम.चा पट्टा ८८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. ही लहर ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे त्या पट्ट्याच्या थोडी अलीकडची. जी लहर माझा आवाज आपल्या घरात आणून पोचवते, तिचीच ही सख्खी बहीण होय.

फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली या अनुनादाचा शोध जाहीर केला. त्यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापासून चित्र काढण्याची युक्ती १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी दाखवली आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. या दोघांनाही २००३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता गर्भाकडे वळू. गर्भाची पहिली आणि नेहमीची तपासणी सोनोग्राफी हीच आहे, आणि तीच राहील. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी घेतलेली उदरातील चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून या पद्धतीने लक्षावधी मातांची सेवा केली आहे. ती स्वस्त आहे, गावोगावी उपलब्ध आहे आणि गर्भाची हालचाल, हृदयाचे स्पंदन, रक्ताचा प्रवाह ती डोळ्यांसमोर दाखवते. परंतु तिला काही अडचणी आहेत. गर्भाची कवटी कठीण होऊ लागली की ध्वनिलहरी हाडावर अडतात आणि मेंदूचा जवळचा अर्धभाग धूसर दिसतो. गर्भजल कमी असले, आईचे शरीर स्थूल असले किंवा बाळाचे डोके कटिभागात खोल उतरलेले असले, तर अडचणी आणखी वाढतात. चुंबकाला यांपैकी कशाचाही फारसा अडथळा होत नाही.

गर्भाचे एम.आर.आय. चित्र स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे घेतल्याचा वृत्तान्त १९८३ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळी एक चित्र पुरे होण्यास काही मिनिटे लागत, आणि गर्भ काही मिनिटे स्वस्थ राहत नाही. तो हात झाडतो, वळतो, आचके देतो. चालत्या गाडीतून घेतलेल्या छायाचित्रासारखी ती चित्रे पुसट येत. गर्भ निश्चल राहावा म्हणून त्याच्या नाळेतील शिरेत औषध टोचण्याचा मार्गही काही ठिकाणी अवलंबला गेला. पुढे १९९० नंतरच्या दशकात एकेक छेद सेकंदाच्या आत टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. बाळ दोन हालचालींच्या मध्ये क्षणभर थांबते, तेवढा क्षण आता पुरतो.

परंतु चित्र स्पष्ट आले म्हणजे ते समजले असे होत नाही. गर्भाचा मेंदू ही स्थिर वस्तू नाही. तो दर आठवड्याला निराळा असतो. म्हणून हे चित्र वाचणाऱ्याच्या मनात मेंदूच्या वाढीचे पंचांगच असावे लागते.

हे पंचांग थोडक्यात असे आहे. ज्या मज्जानलिकेतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटून पूर्ण होते. पुष्कळ स्त्रियांना तोवर आपण गर्भवती असल्याची जाणीवही झालेली नसते. म्हणूनच फॉलिक आम्लाची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. पुढील महिन्यांत मेंदूच्या अंतर्भागातील पोकळ्यांच्या भिंतींवर मज्जापेशी जन्म घेतात आणि मांडवावर वेल चढावी तशा पृष्ठभागाकडे प्रवास करतात. मेंदूच्या उजव्या आणि डाव्या अर्धभागांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा सेतू विसाव्या आठवड्याच्या सुमारास आकार पूर्ण करतो. या वेळी मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यांत मागील बाजूस एक खोल घळ दिसू लागते. घरी डोहाळजेवणाची तयारी चालू असते त्या सातव्या महिन्याच्या सुमारास मेंदूच्या मध्यभागी ती घळ उमटते, जिच्या एका काठावर पुढे शरीराच्या हालचालींचे आणि दुसऱ्या काठावर स्पर्शाचे केंद्र असते. चौतिसाव्या आठवड्यापर्यंत मुख्य वळ्या आणि घळी तयार झालेल्या असतात.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. विसाव्या आठवड्यात गुळगुळीत दिसणारा मेंदू हा निकोप मेंदू असतो. बत्तिसाव्या आठवड्यातही तो तसाच गुळगुळीत राहिला, तर ती गंभीर विकाराची खूण ठरते. चित्र तेच, पण तिथी बदलली की अर्थ बदलतो. गर्भाचे वय मोजण्यात चूक झाली, तर उत्तम यंत्रावरील उत्तम चित्रही दिशाभूल करील.

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. नोकरीनिमित्त बंगळूरात राहणारे एक मराठी दांपत्य आहे. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत डॉक्टरांना बाळाच्या मेंदूतील पाण्याची पोकळी, जिला शास्त्रात पार्श्वनिलय म्हणतात, ती अकरा मिलिमीटर रुंद आढळते. साधारणतः ही रुंदी दहा मिलिमीटरच्या आत असावी असा संकेत आहे. केवळ एक मिलिमीटर अधिक! परंतु तेवढ्याने घरात अंधार पसरतो. फोनवरून सोलापूरच्या आजीला कळते, बेळगावच्या मावशीला कळते, आणि ‘मेंदूत पाणी झाले आहे’ हे वाक्य दर फोनगणिक वाढत जाते.

अशा वेळी एम.आर.आय.ला विचारायचा प्रश्न पोकळी रुंद आहे का एवढाच नसतो. ते तर सोनोग्राफीने सांगितलेच आहे. प्रश्न असा असतो की, हा दोष एकटा आहे की त्याच्या सोबतीला आणखी काही आहे? दोन्ही अर्धभागांना जोडणारा सेतू जागेवर आहे का? पृष्ठभागाच्या घळी वयाला साजेशा आहेत का? लहान मेंदू नीट वाढला आहे का? पूर्वी कधी रक्तस्राव झाल्याच्या खुणा आहेत का? दहा ते बारा मिलिमीटरपर्यंतची ही वाढ एकटीच असेल आणि जंतुसंसर्गाच्या व गुणसूत्रांच्या तपासण्याही निर्दोष असतील, तर दहांतील नऊहून अधिक मुलांची वाढ इतरांसारखीच होते, असा अनुभव आहे. सोबत दुसरा दोष सापडला, तर मात्र निष्कर्ष निराळा होतो. एका मिलिमीटरचा अर्थ त्याच्या शेजारी काय आहे यावर अवलंबून असतो.

या तपासणीने किती लाभ होतो याचा एक मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. ‘मेरिडियन’ या नावाने तो ओळखला जातो. सोनोग्राफीत मेंदूविषयी शंका आलेल्या ५७० गर्भांची त्यात तुलना केली गेली. सोनोग्राफीचे निदान शेकडा ६८ वेळा बरोबर ठरले, तर तिला एम.आर.आय.ची जोड मिळाल्यावर शेकडा ९३ वेळा. आकडे बोलके आहेत, पण तेही जपून वाचले पाहिजेत. एम.आर.आय. वाचणाऱ्यांना सोनोग्राफीतील शंका आधी ठाऊक होती. शिवाय, गर्भाच्या मेंदूचे खास शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाने सोनोग्राफी केली, तर हे अंतर कमी होते. दोन्ही तपासण्या एकमेकींच्या सवती नाहीत. एकीने प्रश्न विचारावा आणि दुसरीने तो तपासून पाहावा, असा त्यांचा संबंध आहे.

प्रत्यक्ष तपासणीत भीतीचे फारसे कारण नाही. मंगळसूत्र, जोडवी, केसांतील आकडे, अंगावरील सारा धातू आधी उतरवावा लागतो. शरीरात हृदयाचे यंत्र किंवा धातूचा तुकडा बसवलेला असेल, तर तसे आधीच सांगणे अत्यंत आवश्यक आहे. दिवस भरत आलेल्या स्त्रीला बहुधा डाव्या कुशीवर निजवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून कानांना संरक्षण देतात. अर्ध्या-पाऊण तासात काम आटोपते. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर मुळीच नसतो. नेहमीच्या यंत्रांनी तपासलेल्या गर्भांवर चुंबकाचा दुष्परिणाम झाल्याचे आजवरच्या अभ्यासांत दिसून आलेले नाही. तरीही निकड नसल्यास पहिल्या तीन महिन्यांत ती टाळतात, आणि इतर रुग्णांना कधीकधी टोचतात ते गॅडोलिनियमचे औषध गर्भवतीला देत नाहीत.

यानंतर सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. हे चित्र जितके उशिरा काढावे तितके स्पष्ट येते, आणि निर्णय जितका लवकर घ्यावा तितका सोपा असतो. विसाव्या आठवड्याच्या आधी एम.आर.आय.ने फारसे हाती लागत नाही. पृष्ठभागाच्या घळींचे विकार अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांत अधिक खात्रीने दिसतात. उलट, २०२१ साली सुधारलेल्या आपल्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत गर्भपाताला चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी दिली आहे. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचा निर्वाळा वैद्यकीय मंडळाने दिला, तरच तो मार्ग खुला राहतो. आई-वडिलांना याच अरुंद वाटेवरून चालावे लागते. कोणी गर्भ राखण्याचा निर्णय घेईल, कोणी न राखण्याचा. कोणी मोठ्या रुग्णालयात प्रसूतीची आणि लगेच शस्त्रक्रियेची तयारी करील. यांपैकी कोणताही निर्णय घाईत आणि अर्धवट माहितीवर घ्यावा लागू नये, एवढीच शास्त्राची धडपड आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतील सोनोग्राफी कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सातव्या महिन्यात लेक माहेरी गेली आणि मग प्रथमच नीट तपासणी झाली, तर पुष्कळ मौल्यवान आठवडे हातचे निघून गेलेले असतात. आणि ती माहेरी जाईल तेव्हा ओटीच्या नारळाबरोबर तिच्या तपासण्यांचे सारे कागदही तिच्यासोबत जाऊ द्या.

दुसरी गोष्ट या चित्राच्या मर्यादेची. ते मेंदूची घडण दाखवते, मन दाखवत नाही. मूल हुशार निघेल का, ते कधी बोलेल, त्याचा स्वभाव कसा असेल, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. अभिमन्यूने गर्भात चक्रव्यूहाची कथा ऐकली, हे आपण श्रद्धेने सांगतो. परंतु कोणत्या गर्भाने काय ऐकले याचे चित्र निघत नाही. काही दोष उशिरा प्रकट होतात, काही इतके सूक्ष्म असतात की दिसतच नाहीत, आणि काहींची ओळख गर्भजलाच्या किंवा गुणसूत्रांच्या तपासणीनेच पटते. निर्दोष चित्र हे मोठे आश्वासन आहे, पण ती हमी नव्हे.

आणखी एक गोष्ट. गर्भाचे लिंग जाणून घेण्यासाठी या यंत्राचा उपयोग करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम असा कायदा केला. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. सोनोग्राफीप्रमाणे गर्भाचे लिंग दाखवू शकणारे प्रत्येक यंत्र त्याच्या कक्षेत येते.

गर्भाच्या मेंदूची मोजमापे आजवर मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील गर्भांवरून ठरत आली. आपल्याकडेही आता हे काम होऊ लागले आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मेंदू-संशोधन केंद्राने २०२४ साली चौथ्या ते सहाव्या महिन्यांतील गर्भांच्या मेंदूंचा ‘धरणी’ नावाचा त्रिमितीय नकाशासंग्रह जगासमोर ठेवला. त्यासाठी मेंदूंचे ५,१३२ छेद संगणकावर नोंदवण्यात आले. जे गर्भ जगू शकले नाहीत, त्यांच्या मेंदूंवरून हा संग्रह सिद्ध झाला आहे. बंगळूरच्या संग्रहालयातील काचपात्रांचीच ही परंपरा आहे. जिवंत गर्भाचे चित्र वाचणाऱ्याला असे संदर्भ पुढील काळात साहाय्य करतील.

शेवटी एक अगदी घरगुती गोष्ट सांगून माझे भाषण संपवतो. चित्रात दोष दिसला की आपल्या घरांत पहिली चौकशी मातेची होते. ग्रहण पाळले नाही का, विळी हातात घेतली होती का, अवेळी बाहेर गेली होतीस का? श्रोतेहो, मेंदूच्या घडणीतील दोषांची कारणे गुणसूत्रांत असतात, काही विषाणूंच्या संसर्गात असतात, रक्तस्रावात असतात, आणि कित्येकदा ती सापडतही नाहीत. ग्रहणाचा आणि विळीचा त्यांच्याशी काडीमात्र संबंध नाही. त्या मातेने चुंबकाच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास निश्चल राहून आपल्या बाळासाठी जे करता येण्यासारखे होते ते केलेले असते. ती बाहेर आली की तिला प्रश्न विचारू नका. प्रश्न डॉक्टरांना विचारा: दोष एकटा आहे का? गर्भाचे वय खात्रीचे आहे का? हे चित्र पुन्हा काढावे लागेल का, आणि केव्हा? तिला मात्र उतरवलेले मंगळसूत्र परत घालायला मदत करा आणि तिच्या शेजारी बसा.